मानेवर पडलेला श्वासाचा भार



जुनाट मानदुखीविषयी आपल्यापैकी अनेकांनी आजवर या स्तंभाकडे लिहिले आहे. या पंधरवड्यात आलेल्या एका पत्रातील शंका मात्र निराळी आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींची मान तीन वर्षांपासून दुखते. गोळ्या, शेक, गळ्याचा पट्टा हे सारे करून झाल्यावर त्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेल्या. बाईंनी मान तपासली, श्वास कसा चालतो ते काही वेळ पाहिले आणि मग त्यांना उताणे निजवून बरगड्यांच्या खालच्या कडेशी हातांनी हलका दाब देण्यास आरंभ केला. ‘दुखणे मानेचे आणि हात पोटाशी, हा काय प्रकार? यात तथ्य आहे की पैसे उकळण्याचा हा नवा मार्ग?’ असे त्या विचारतात.

शंका रास्त आहे. हा प्रकार शास्त्राला सोडून नाही, परंतु त्याला मर्यादा आहेत. त्या ठाऊक नसतील तर चांगला उपचारही नुकसानीस कारण होऊ शकतो. म्हणून आज मान आणि श्वास यांचे नाते थोडे विस्ताराने पाहू.

श्वास घेण्याचे काम कोणाचे?

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला एक स्नायू असतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ‘श्वासपटल’ या नावाने भेटलो आहोत. श्वास आत घेताना तो आकुंचन पावतो, घुमट सपाट होत खाली उतरतो, खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात आणि पोट हळूच पुढे येते. श्वास सोडताना तो सैल पडून पुन्हा वर जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासाचा मोठा वाटा हा एकटा स्नायू उचलतो.

त्याच्या मदतीला काही स्नायू मानेतही आहेत. मानेच्या मणक्यांपासून निघून वरच्या दोन बरगड्यांना जोडलेले ‘स्केलीन’ स्नायू प्रत्येक बाजूस तीन असतात. ते त्या बरगड्या वर उचलून धरतात, आणि शांत श्वसनातही त्यांचे थोडे काम चालूच असते. दुसरा स्नायू आपल्याला आरशात दिसतो. मान एका बाजूस वळवली की कानामागून गळ्याच्या पुढील हाडापर्यंत तिरकस उतरणारी जी जाड दोरी उठून दिसते, ती त्याचीच. सुटत चाललेली एसटी पकडण्यासाठी धावताना किंवा गडाच्या पायऱ्या चढताना छाती भराभर वर उचलण्याचे काम हे स्नायू करतात.

लग्नघरी मदतीला आलेल्या शेजाऱ्यांप्रमाणे त्यांनी कार्य आटोपताच आपापल्या घरी परतावे अशी अपेक्षा असते. काही माणसांत ते परतत नाहीत. श्वासपटलाची हालचाल तोकडी पडते आणि बसल्याजागीही वरची छाती व खांदे उचलून श्वास घेण्याची सवय जडते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. मिनिटाला १५ धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. आपल्या योगग्रंथांत अजपाजपाची संख्या हीच सांगितली आहे. प्रत्येक श्वासागणिक मानेच्या त्या बारीक स्नायूंवर नेहमीपेक्षा थोडा अधिक ताण पडत गेला, तर संध्याकाळपर्यंत मान जड होणे, खांद्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, डोक्याच्या मागील बाजूस ठणकणे यांत नवल उरत नाही.

अशी सवय जडण्यास अनेक कारणे असतात. मोबाइलवर किंवा शिलाई यंत्रावर तासन्‌तास वाकून बसल्याने पोट दबते आणि श्वासपटलास खाली उतरायला जागा राहत नाही. सुईत दोरा ओवताना, हिशेब तपासताना किंवा संगणकावर लिहिताना अनेक जण नकळत श्वास रोखून धरतात. परकराची नाडी किंवा कमरेचा पट्टा करकचून आवळणे, दिवसभर पोट आत ओढून चालणे, सततची काळजी यांचाही हातभार लागतो. आणि काही वेळा या सवयीमागे खराखुरा आजार असतो. त्याकडे पुढे येतोच.

मानेतून निघून पोटाकडे जाणारी चेता

मान आणि श्वासपटल यांचे नाते स्नायूंपुरते थांबत नाही. श्वासपटलाला हालचालीचा आदेश देणारी ‘फ्रेनिक’ नावाची चेता उगम पावते ती मानेत, तिसऱ्या ते पाचव्या ग्रीवाचेतांमधून. गर्भावस्थेत श्वासपटलाची घडण मानेच्या पातळीवर सुरू होते आणि वाढीच्या ओघात ते खाली सरकते. येताना ते आपली चेता सोबत ओढून आणते. म्हणूनच पित्ताशयाला सूज येऊन श्वासपटल चिडले की वेदना कित्येकदा उजव्या खांद्याच्या टोकाशी जाणवते. त्या भागाच्या संवेदना मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर पोहोचतात, आणि मेंदूची गफलत होते.

या चेतेचे मोल किती, हे २०१७ साली वृत्तपत्रांत आलेल्या एका बातमीने अनेकांना कळले. केशकर्तनानंतर मान कडाकडा मोडून घेण्याची सवय असलेल्या उत्तर भारतातील एका गृहस्थांना श्वास घेणे कठीण झाले. त्यांच्या फ्रेनिक चेतांना इजा होऊन श्वासपटल लुळे पडल्याचे निदान डॉक्टरांनी केले होते. अशी इजा विरळा असते, हे खरे. तरीही झटका देऊन मान मोडून घेणे आपण आजपासून बंद करावे, एवढा धडा त्यातून अवश्य घ्यावा. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतील अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणेही वैद्यकात नोंदलेली आहेत.

हातांनी नेमके काय करतात?

प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट श्वसनाच्या स्नायूंवर जे काम करतात, त्यात झटका नसतो. आखडलेल्या स्केलीन स्नायूंना बोटांनी हलका, स्थिर दाब व ताण देणे, वरच्या बरगड्यांची अडलेली हालचाल हळुवार मोकळी करणे, बरगड्यांमधील स्नायू ताणणे आणि श्वासपटल सैल करणे हे त्यातील मुख्य भाग होत. शेवटच्या प्रकारात रुग्ण उताणा निजतो आणि उपचारक त्याच्या डोक्याकडे उभा राहतो. दोन्ही हातांची बोटे बरगड्यांच्या खालच्या कडेशी ठेवून रुग्ण श्वास घेत असता ती कड हलकेच वर उचलली जाते, आणि श्वास सोडताना दाब किंचित आत नेला जातो. असे काही श्वास चालते. पत्रलेखिका भगिनींवर झालेला उपचार बहुधा हाच असावा.

याचा उपयोग किती? मानदुखी आणि श्वसन यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट मानदुखीच्या ४५ रुग्णांची तितक्याच निरोगी व्यक्तींशी तुलना केली गेली. श्वास जोराने आत ओढण्याची आणि बाहेर फेकण्याची ताकद रुग्णांमध्ये कमी आढळली. अर्थात मान दुखते म्हणून श्वास उथळ झाला, की श्वास उथळ म्हणून मान दुखू लागली, हे अशा तुलनेतून ठरत नाही. दोन्ही वाटा खुल्या असतात.

हातांच्या उपचाराविषयी २०१५ साली ब्राझीलमधून आलेला एक प्रयोग लक्षणीय आहे. त्यात फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या २० वयस्क रुग्णांपैकी ज्यांचे श्वासपटल वरील पद्धतीने सैल केले, त्यांच्यात त्याची हालचाल वाढली आणि त्यांना ठरावीक वेळात अधिक अंतर चालता आले. हाताचा परिणाम श्वासपटलापर्यंत पोहोचू शकतो, एवढे यावरून म्हणता येते. परंतु ते रुग्ण मानदुखीचे नव्हते. मानदुखीवर झालेले प्रयोग लहान आहेत, त्यांतील मोजमाप बहुधा उपचारानंतर लगेचचे किंवा काही आठवड्यांचे आहे, आणि निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. म्हणून माझे मत असे की, हा उपचार म्हणजे गंजलेल्या कडीवर सोडलेले तेल आहे. कडी सैल होते, पण दार आपल्यालाच उघडावे लागते. मानेचे व खांद्यांचे बळ वाढवणारे व्यायाम, बसण्याची बदललेली रीत आणि श्वासाची नवी सवय यांची जोड नसेल, तर तो आराम चार दिवसांत ओसरतो.

आराम म्हणजे निदान नव्हे

आता त्या खऱ्याखुऱ्या आजाराकडे येतो. ओळख पटू नये एवढा बदल करून एका रुग्णाची हकीकत सांगतो. पंचेचाळिशीच्या या बाई स्वतःची पिठाची गिरणी चालवत. दोन वर्षे मान आणि खांदे दुखत होते. एमआरआय झाला होता, त्यात ‘मणक्यात गॅप’ निघाली होती, पट्टा लागला होता. आठवड्यातून दोनदा मालिश चाले. मालिश केली की दोन दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच.

त्यांची मान तपासताना माझे लक्ष गेले ते त्यांच्या श्वासाकडे. बसल्याजागी प्रत्येक श्वासाला गळ्याची ती दोरी ताठ होत होती आणि हाडावरील खळगा आत ओढला जात होता. विचारता विचारता कळले की पहाटे खोकला येतो, गिरणीत दळण जोरात असले की छाती भरून येते. ‘पण तो पिठाचा खोकला, सगळ्याच गिरणीवाल्यांना असतो,’ असे त्या म्हणाल्या. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याच्या नळीवर आकडा पुष्कळ कमी आला. श्वासनलिका सैल करणारे औषध दिल्यानंतर तो चांगलाच वाढला. पुढे सविस्तर तपासणीत निदान पक्के झाले. बाईंना दमा होता, आणि पिठाची धूळ तो चेतवत होती.

‘पंप एकदा लागला की सुटत नाही, डॉक्टर,’ हे वाक्य मी त्यांच्या पतीकडूनही ऐकले. त्या दोघांना समजावण्यात दोन भेटी गेल्या. ओढून घ्यावयाच्या औषधाची मात्रा अत्यल्प असते आणि ती थेट श्वासनलिकांत जाते. व्यसन लागण्याचा प्रश्न नसतो. पंप न घेतल्याने दमा जात नाही, फक्त मानेला दुप्पट राबावे लागते. पंप सुरू झाला, गिरणीत तोंडावर मास्क आला, धूळ बाहेर फेकणारा पंखा बसला. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने मानेच्या व बरगड्यांच्या स्नायूंवर काम केले आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. दोन-अडीच महिन्यांत पहाटेचा खोकला थांबला. मान अजूनही कामाच्या गर्दीत दुखते, पण मालिशीची गरज उरलेली नाही.

मालिशीने दोन दिवस मिळणारा तो आरामच त्यांच्या दम्यावर पांघरूण घालत होता. ज्या स्नायूंना आपण चोळत होतो, ते जास्तीचे काम का करत आहेत, हे दोन वर्षांत कोणी विचारले नव्हते. आणि त्या ‘गॅप’चे काय? जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ व्यक्तींचे एमआरआय काढले गेले, तेव्हा त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांत मणक्यांमधील चकती फुगलेली आढळली. अहवालातील बदल खरा असतो, पण दुखण्याचे कारण तोच असे प्रत्येक वेळी नसते.

प्रथम डॉक्टरांकडे केव्हा?

मानदुखीसोबत पुढीलपैकी काहीही असल्यास कोणाच्याही हाती मान देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे: ताप किंवा कारणाविना घटणारे वजन, हाताची पकड कमजोर होणे, बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे. अचानक तीव्र मानदुखी व डोकेदुखी होऊन बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूची शक्ती गेली; किंवा छातीत दडपण, घाम आणि मान-जबड्याकडे जाणारी कळ आली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

नुकतीच पोटाची वा छातीची शस्त्रक्रिया झालेली असणे, बरगडीचे हाड मोडलेले असणे, हाडे ठिसूळ असणे, यकृत किंवा प्लीहा वाढलेली असणे, गरोदरपण यांपैकी काही असेल तर बरगड्यांखाली दाब देऊ नये. हे उपचारकाला आपण होऊन सांगावे.

घरच्या घरी गळ्याच्या पुढच्या व बाजूच्या भागावर मसाज गन चालवू नये, कोणाकडून तो भाग दाबूनही घेऊ नये. स्केलीन स्नायूंच्या मधूनच हाताकडे जाणाऱ्या चेता व रक्तवाहिनी जातात. फुप्फुसाचे टोक त्या हाडाच्या किंचित वर आलेले असते, आणि गळ्यातील मुख्य रक्तवाहिनीवर दाब पडल्यास भोवळ येऊ शकते.

आपण घरी काय करावे?

आधी पाहावे, मग बदलावे. उताणे निजून गुडघे वाकवावेत, एक हात छातीवर आणि दुसरा बेंबीवर ठेवावा. नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा आणि दोन मिनिटे केवळ निरीक्षण करावे. वरचा हातच अधिक हलत असेल, खांदे कानांकडे सरकत असतील, तर मान श्वासाच्या कामाला लागली आहे असे समजण्यास हरकत नाही.

त्याच स्थितीत नाकाने सावकाश श्वास घ्यावा. मनात तीन मोजावेत आणि खालचा हात उचलला जाऊ द्यावा. पोट जोराने फुगवू नये. मग चार-पाच मोजत श्वास सोडावा. सकाळी व झोपण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे पुरेत. गरगरल्यासारखे वाटले तर थांबून साधा श्वास घ्यावा. ज्यांना पोटाची हालचाल उमगत नाही, त्यांनी मकरासनात पालथे पडून पाहावे. जमिनीचा स्पर्श पोटाला आपोआप शिकवतो. आठवड्याभराने हेच बसून करावे, नंतर चालताना. प्राणायाम नियमाने करणाऱ्यांनीही एकदा आरशासमोर बसून खांदे उचलले जातात काय, हे तपासावे. फुप्फुसांचा जुना, तीव्र आजार असलेल्यांना मात्र पोटाने श्वास घेण्याच्या सक्तीने धाप वाढू शकते. त्यांनी हा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीतच करावा.

याच्या जोडीस दर अर्ध्या तासाने उठणे, हनुवटी किंचित आत घेऊन मान सरळ करणे, दोन्ही खांद्यांची पाती मागे जवळ आणून पाच मोजेपर्यंत धरणे हे दहा वेळा करावे. दुखण्याला घाबरून मान अजिबात न हलवणे आणि महिनोन्‌महिने पट्टा बांधून ठेवणे, याने स्नायू अधिकच दुबळे होतात.

उपचारक निवडताना

मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट निवडावा आणि तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. माझ्या दुखण्याचे कारण आपणास काय वाटते? मी घरी कोणता व्यायाम करायचा? फरक पडतो आहे, हे आपण कशावरून ठरवणार? ज्याच्याजवळ या तिन्हींची उत्तरे आहेत, त्याच्या हाती मान देण्यास हरकत नाही. पहिल्याच दिवशी वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाताना दोनदा विचार करावा. चार ते सहा बैठकींनंतर झोप, मानेची हालचाल, रोजचे काम यांत काहीच सुधारणा नसेल, तर बैठकी वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घ्यावे. उपचाराच्या वेळी ताण जाणवणे स्वाभाविक आहे. हाताला मुंग्या आल्या, चक्कर आली वा श्वास अडला तर तत्काळ थांबवण्यास सांगावे.

आज रात्री घरातील सर्वांनी मिळून दोन हातांची ती परीक्षा करून पाहावी. कोणाचा श्वास बसल्याजागी मान ताणून चालला आहे, पहाटे कोण खोकते, दोन मजले चढून कोणाला धाप लागते, याकडे लक्ष द्यावे. घरात असे कोणी आढळले, तर मालिशीची वेळ ठरवण्याआधी त्यांची छाती तपासून घ्यावी.